डोंगर उतरणारी सायकल

शाळेच्या सायकल-स्टँडवर एकदा नीट नजर टाका. रिठदसारखे गाव असो की वाशीमसारखे शहर, तेथे दोन जातींच्या सायकली हमखास दिसतील. एक जुनी, काळी, दांड्याची. तिचा पुढचा चिमटा सरळ लोखंडी असतो. दुसरी जाड टायरची. तिच्या चिमट्यात स्प्रिंगा बसवलेल्या असतात आणि कधी कधी सीटखाली आणखी एक मोठी स्प्रिंग असते. हिला आपण ‘शॉकअपवाली’ किंवा ‘डबल शॉकअपवाली’ म्हणतो. ही दुसरी सायकल ज्याच्याकडे असेल त्याचा वर्गात थोडा जास्तच रुबाब असतो, हे वेगळे सांगायला नको.

ही सायकल कोणाची नक्कल आहे, ठाऊक आहे का? डोंगराच्या तीव्र, खडकाळ उतारावरून खाली येण्यासाठी जी खास सायकल बनवतात तिची. खऱ्या डोंगरी सायकलींची किंमत लाखांत जाते. त्यांचे अनेक प्रकार आहेत, आणि ती घेणाऱ्याला नेहमी एक प्रश्न पडतो: चाक १६० मिलिमीटर वर-खाली होऊ शकते अशी सायकल घ्यावी की २०० मिलिमीटरची? या अंतराला आपण शॉकअपची ‘चाल’ म्हणू. पहिल्या प्रकाराला ‘एन्ड्युरो’ आणि दुसऱ्याला ‘डाउनहिल’ असे म्हणतात. चाल जितकी जास्त तितकी सायकल चांगली, असे कोणालाही वाटेल. पण नववी-दहावीच्या पुस्तकातले बल, परिबल, घर्षण आणि ऊर्जा एवढेच सामान घेऊन हिशेब मांडला, तर उत्तर बरेच वेगळे येते. तो हिशेब आज करून पाहू या.

पहिला धोका : कोलांटी

उतारावर सायकलस्वाराला सर्वांत मोठी भीती असते ती हँडलवरून पुढे फेकले जाण्याची. एकोणिसाव्या शतकात पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे आणि मागचे अगदी लहान, अशा सायकली होत्या. स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या डोक्यावरच बसे. चाकाखाली एखादा धोंडा आला की स्वार हँडलवरून डोक्यावर पडे. हा अपघात इतका नेहमीचा होता की इंग्रजीत त्याला ‘हेडर’ असे नावच पडले. १८८५ मध्ये इंग्लंडमधील जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळपास सारख्या आकाराची, मागच्या चाकाला साखळी जोडलेली ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. तिला ‘सेफ्टी’, म्हणजे सुरक्षित सायकल म्हणत. आज आपण जी सायकल चालवतो ती तिचीच वंशज होय.

स्टार्लीच्या सायकलीत सुरक्षित काय होते? स्वार आणि सायकल यांचा मिळून जो गुरुत्वमध्य असतो तो खाली आला आणि पुढच्या चाकापासून मागे गेला. या दोन अंतरांवरच कोलांटीचे सगळे गणित उभे आहे.

समजा गुरुत्वमध्य जमिनीपासून ‘उ’ उंचीवर आहे आणि पुढचे चाक जमिनीला जेथे टेकते त्या बिंदूच्या ‘अ’ अंतर मागे आहे. हे ‘अ’ जमिनीला समांतर मोजायचे. तुम्ही ब्रेक लावत एकाच संथ वेगाने उतार उतरत आहात. गुरुत्वमध्यातून सरळ खाली ओळंबा सोडला आणि तो पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या बिंदूच्या मागे पडला, तर मागचे चाक जमिनीवर राहील. ओळंबा त्या बिंदूच्या पुढे गेला की सायकल उलटलीच. उताराचा कोन वाढत गेला तर ही वेळ नेमकी केव्हा येते? जेव्हा कोनाचा टॅन्जंट अ ÷ उ एवढा होतो तेव्हा.

साध्या सायकलीवर सीटवर बसलेल्या मुलासाठी अ = ०.६० मीटर आणि उ = १.१० मीटर धरू. भागाकार ०.५४५ येतो, म्हणजे कोन सुमारे साडेअठ्ठावीस अंश. वाचायला हा कोन छोटा वाटतो. पण प्रत्यक्षात एवढ्या उतारावर माणूस उभ्या उभ्या घसरू लागतो.

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. रिसोडपासून फार दूर नसलेले लोणारचे विवर तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. त्याचा व्यास सुमारे १.८३ किलोमीटर, खोली सुमारे १३७ मीटर आणि तळाच्या सरोवराचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर. म्हणजे काठापासून पाण्यापर्यंत आडवे अंतर साधारण ३१५ मीटर आणि उतरण १३७ मीटर. १३७ ला ३१५ ने भागा. भिंतीचा सरासरी उतार सुमारे २४ अंश येतो. (हे केवळ गणितापुरते. लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये त्याचा समावेश रामसर पाणथळ जागांच्या यादीत झाला. तेथे सायकल घेऊन उतरायचे नसते.)

आता अशाच २४ अंशांच्या एखाद्या उतारावर आपली साधी सायकल आणली, तर ती २८ अंशांच्या मर्यादेच्या आत आहे. मग भिण्याचे कारण काय? कारण असे की आतापर्यंत आपण वेग स्थिर धरला होता. थांबायचे असेल तर मंदन हवे, आणि मंदनाबरोबर उलटवणारे परिबल वाढते. गणित केल्यास उलटण्यापूर्वी मिळू शकणारे सर्वाधिक मंदन असे येते:

मंदन = गुरुत्वत्वरण × कोनाचा कोसाइन × (अ ÷ उ − कोनाचा टॅन्जंट)

२४ अंशांचा टॅन्जंट ०.४४५ आणि कोसाइन ०.९१४. साध्या सायकलीसाठी मंदन येते दर सेकंदाला दर सेकंदास फक्त ०.९ मीटर. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने येणारी सायकल थांबायला सुमारे १४ मीटर घेईल. यापेक्षा जोराने ब्रेक दाबला तर सायकल थांबेल, पण स्वार थांबणार नाही! सपाट रस्त्यावर याच सायकलीला ५.३ मंदन मिळते आणि ती अडीच मीटरांच्या आत थांबते. उतारावर ब्रेक ‘लागत नाही’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा ब्रेक चांगलाच लागत असतो, गुरुत्वमध्य नको तेथे असतो.

आता खास डोंगरी सायकल पाहा. तिच्या दोन चाकांच्या आसांमधील अंतर सुमारे सव्वा मीटर असते, म्हणजे साध्या सायकलीहून बरेच जास्त. तिचा चिमटा पुढे कललेला असतो. साध्या सायकलीत चिमट्याचा अक्ष जमिनीशी ७० अंशांच्या आसपास कोन करतो. डोंगरी सायकलीत ६३-६४ अंश. चिमट्याच्या अक्षाची लांबी पाऊण मीटर धरून ७२ आणि ६४ या दोन कोनांसाठी कोसाइन काढून पाहा: केवळ या कलण्याने पुढचे चाक सुमारे १० सेंटिमीटर पुढे जाते. शिवाय हँडलवरची एक कळ दाबताच सीट खाली सरकते. स्वार पायडलवर उभा राहतो, गुडघे वाकवतो, कंबर मागे नेतो. तेव्हा अ = ०.८० मीटर आणि उ = ०.९५ मीटर सहज होते. भागाकार ०.८४, उलटण्याचा कोन ४० अंश. आणि २४ अंशांच्या उतारावर मिळणारे मंदन? ३.५ मीटर. थांबण्याचे अंतर १४ मीटरांवरून साडेतीन मीटरांवर आले!

येथे चाणाक्ष विद्यार्थी हात वर करील: ‘सर, टायर घसरणार नाही का?’ घसरेल. सुट्या मुरमावर टायरचा घर्षण गुणांक ०.६ धरला तर दोन्ही ब्रेक अगदी योग्य प्रमाणात लावूनही १.४ पेक्षा जास्त मंदन मिळणार नाही, आणि थांबायला ९ मीटर लागतील. मग लांब सायकलीचा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर मला या सगळ्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. साध्या सायकलीची उलटण्याची मर्यादा (०.९) घसरण्याच्या मर्यादेच्या (१.४) आधी येते. लांब सायकलीत घसरण्याची मर्यादा आधी येते आणि उलटण्याची पुष्कळ नंतर. चाक घसरू लागले तर ते हाताला जाणवते. ब्रेक किंचित सैल केला की पकड परत मिळते. कोलांटीला मात्र अशी सूचना नसते. चांगली सायकल म्हणजे घसरण अजिबात न होणारी सायकल नव्हे, तर आधी घसरून स्वाराला सावध करणारी सायकल.

या सर्व हिशेबात शॉकअपच्या चालीचा आकडा अजून कोठेही आलेला नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

कॅलिफोर्नियातील एक उतार

डोंगरी सायकलीचा इतिहासही ब्रेकपासूनच सुरू होतो, शॉकअपपासून नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळ टॅमल्पाइस नावाचा डोंगर आहे. तेथील काही तरुण १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन एका कच्च्या रस्त्यावरून खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तेथे पहिली शर्यत लावली. सुमारे ३.४ किलोमीटर अंतरात सुमारे ४०० मीटर उतरण. सायकलींना शॉकअप नव्हते. ब्रेकही मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटे दाबले की लागणारा.

आता ऊर्जेचा हिशेब करा. स्वार आणि सायकल मिळून ९० किलोग्रॅम धरले तर स्थितिज ऊर्जा ९० × ९.८ × ४००, म्हणजे सुमारे साडेतीन लाख ज्यूल. साध्या तपमानाचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला सव्वातीन लाखांच्या आसपास ज्यूल लागतात. याचा अर्थ प्रत्येक स्वार उतरताना एक लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता वाटेत टाकत होता. काही भाग हवेच्या रोधात आणि टायरमध्ये गेला. उरलेला त्या बिचाऱ्या हबमध्ये. यातील निम्मीच उष्णता एक किलोग्रॅमच्या पोलादी हबमध्ये गेली आणि वाऱ्याने हब थंड झाला नाही असे धरले, तरी त्याचे तपमान पावणेचारशे अंशांच्या आसपास वाढेल. आतले ग्रीस जळून धूर निघे आणि शर्यतीनंतर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत अशा पुन्हा भरण्याला ‘रिपॅक’ म्हणतात. त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. तेथील विक्रम गॅरी फिशर याच्या नावावर आहे: ४ मिनिटे २२ सेकंद. साडेतीन लाख ज्यूलना २६२ सेकंदांनी भागा. १३०० वॉटपेक्षा जास्त येतात. घरातील विजेची शेगडी साधारण एवढ्याच शक्तीची असते.

म्हणून आजच्या डोंगरी सायकलींना मोटारसायकलीसारखी डिस्क असते आणि तिचा व्यास २०० मिलिमीटर किंवा त्याहून थोडा जास्त असतो. मोठ्या डिस्कचे दोन फायदे. तेवढ्याच बलाला परिबल जास्त मिळते आणि उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभाग जास्त मिळतो. दाब केबलने न पोहोचवता तेलाने पोहोचवतात. पास्कलचा नियम तुम्ही शिकलाच आहात. सायकल निवडताना मी तरी आधी डिस्क पाहीन आणि मग चिमटा.

आपल्याकडे मालेगाव-मेडशीकडून पातूरला जाताना रस्ता पठारावरून घाटाने खाली उतरतो. तो डांबरी आहे. तेथे शॉकअपला काम जवळजवळ नाहीच. ब्रेकची रबरे झिजलेली असतील तर मात्र परीक्षा आहे.

शॉकअप नेमके काय करतो

आता शॉकअपकडे वळू. तो ‘धक्के कमी बसावेत म्हणून’ असतो, हे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

आधी हा अर्धा भाग तपासू. समजा स्वार एक मीटर उंचीच्या खडकावरून सायकलसह खाली पडला. पडताना मिळालेली ऊर्जा काही अंतरात शोषली गेली पाहिजे. अंतर जितके जास्त तितके बल कमी. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो ते यासाठीच. हे अंतर ५ सेंटिमीटर असेल तर सरासरी बल वजनाच्या २१ पट होते. १६ सेंटिमीटरला सव्वासात पट आणि २० सेंटिमीटरला ६ पट. म्हणजे २०० ची सायकल १६० पेक्षा स्पष्टच सरस? थांबा. आपण एक गोष्ट विसरलो: स्वाराला पाय आहेत. गुडघे आणि कोपरे वाकून सहज ३० सेंटिमीटर देतात. ते मिळवले तर एकूण अंतर ४६ आणि ५० सेंटिमीटर होते, बल ३.१७ पट आणि ३ पट. फरक जेमतेम साडेपाच टक्के! ज्याला गुडघे वाकवता येत नाहीत त्याला चाळीस मिलिमीटर वाचवणार नाहीत, आणि ज्याला येतात त्याला त्यांची फारशी गरज नाही. शिवाय खाली टेकताना जमीन उतरती असेल तर वेगाचा फक्त जमिनीला लंब असलेला घटक शोषावा लागतो, म्हणून धक्का आणखी कमी होतो.

मग शॉकअप लागतोच कशाला? आता उरलेला अर्धा भाग. एकच मोठी उडी ही गोष्ट निराळी, आणि दगडगोट्यांनी भरलेली वाट निराळी. सेकंदाला ५ मीटर वेगाने जाताना दर अर्ध्या मीटरावर एक दगड असेल तर सेकंदाला दहा धक्के बसतात. इतक्या चपळाईने गुडघे हलत नाहीत. एका दगडावरून उतरून पुढच्या खळग्यात जायला चाकाला मिळतो सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्या वेळात सरळ चिमट्याची सायकल गुरुत्वाकर्षणाने किती खाली येईल? अर्धा × ९.८ × ०.०५ चा वर्ग, म्हणजे अवघे १.२ सेंटिमीटर. खळगा पाच सेंटिमीटर खोल असेल तर चाक त्याच्यावरून अधांतरी निघून जाते. आणि अधांतरी चाकाला घर्षण नाही. घर्षण नाही म्हणजे ब्रेक नाही आणि वळणेही नाही. वर जे मंदनाचे सुंदर गणित केले ते चाक जमिनीवर आहे या गृहीतावर होते!

शॉकअप असलेल्या सायकलीत स्वाराच्या वजनाने स्प्रिंग आधीच थोडी दबलेली असते. ही दबलेली स्प्रिंग चाकाला खाली ढकलते. पुढच्या चाकाचे आणि त्याबरोबर हलणाऱ्या भागांचे वस्तुमान ३ किलोग्रॅम आणि स्प्रिंगचे बल ३०० न्यूटन धरले तर चाकाला मिळणारे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दहा-अकरा पट होते. आता तेच पाच सेंटिमीटर चाक वेळेत गाठू शकते. स्वाराचे शरीर जवळजवळ एका रेषेत जाते आणि चाक मात्र जमिनीचा प्रत्येक उंचसखलपणा चाचपत जाते. शॉकअपचे खरे काम हे आहे. आराम हा वरकड फायदा.

म्हणूनच डोंगरी सायकलीवर स्वार नुसता उभा राहिला तरी चालीचा पाव ते तिसरा हिस्सा दबला पाहिजे, असे स्प्रिंगचा किंवा हवेचा दाब जुळवतात. हा हिस्सा ३० टक्के धरला तर १६० च्या सायकलीत चाकाला खाली जायला ४८ मिलिमीटर आणि वर जायला ११२ मिलिमीटर मिळतात. २०० च्या सायकलीत ६० आणि १४०. म्हणजे जास्तीच्या चाळीस मिलिमीटरांनी मिळाले काय, तर खळग्यासाठी १२ आणि धोंड्यासाठी २८. मोठमोठ्या धोंड्यांच्या वाटेवर वेगाने जाणाऱ्याला हे २८ मिलिमीटर मोलाचे आहेत. इतरांना ते बहुधा वापरायलाच मिळत नाहीत.

आणि त्यांची किंमतही मोजावी लागते. ब्रेक लावला की भार पुढे येतो आणि पुढचा चिमटा दबतो. चिमटा १० सेंटिमीटर दबला आणि मागची बाजू तशीच राहिली, तर सव्वा मीटर लांबीची सायकल साडेचार अंशांनी पुढे झुकते. जणू डोंगरच तेवढा अधिक उभा झाला! चाल जास्त आणि स्प्रिंग मऊ असेल तर हे झुकणेही जास्त. म्हणजे ज्या कोलांटीपासून वाचायचे तिच्याकडेच आपण सरकतो. लांब चालीचा चिमटा घेऊन तो मऊ ठेवणे ही नवशिक्याची नेहमीची चूक असते.

स्प्रिंगला लगाम

नुसती स्प्रिंग लावून भागत नाही. दाबून सोडलेली स्प्रिंग शोषलेली ऊर्जा परत देते आणि वर-खाली दोलने करीत राहते. लागोपाठ धक्के स्प्रिंगच्या स्वतःच्या दोलनकाळाशी जुळले तर अनुस्पंदन होऊन चाक उड्याच मारू लागेल. म्हणून चिमट्याच्या एका नळीत तेल आणि बारीक छिद्रे असलेला दट्ट्या असतो. तेल त्या छिद्रांतून ढकलले जाताना ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. याला अवमंदन म्हणतात. बँकेचे किंवा कचेरीचे काचेचे दार आपोआप, पण सावकाश बंद करणारी नळी तुम्ही पाहिली असेल, तत्त्व तेच. अवमंदन फार झाले तरी बिघडते: पुढचा दगड येण्यापूर्वी चिमटा पूर्ण उघडतच नाही, दर धक्क्याला थोडा थोडा दबत जातो आणि शेवटी २०० मिलिमीटरची सायकल ५० मिलिमीटरच्या सायकलीसारखी वागते.

सायकलीसाठी असा चिमटा विकायला आला तो १९८९ मध्ये, अमेरिकेत, ‘रॉकशॉक्स’ या नावाने. त्याची चाल होती सुमारे पाच सेंटिमीटर! पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, कोलोरॅडो राज्यातील ड्युरँगो येथे डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यातील उतरणीची शर्यत ग्रेग हर्बोल्ड याने अशाच चिमट्याच्या सायकलीवर जिंकली. आज २०० मिलिमीटर पुरे की नाहीत याची चर्चा होते, आणि पहिला जगज्जेता पाच सेंटिमीटरवर उतरला होता.

चिमटा कललेला असल्याने आणखी एक गोष्ट घडते. त्याचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या बिंदूच्या पुढे मिळतो, म्हणून चाक अक्षाच्या मागे ओढले जाते आणि आपोआप सरळ होऊ पाहते. दवाखान्यातील ढकलगाडीची लहान चाके अशीच मागे फिरतात. वेगात, खडकांमधून जाताना हँडल हाताबाहेर जात नाही ते बरेचसे यामुळे. मात्र सायकल तोल सांभाळते ती एवढ्यामुळेच, असे शिक्षकांनी वर्गात सांगू नये. हा परिणाम आणि फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम हे दोन्ही काढून टाकलेली सायकलही काही वेगमर्यादेत स्वतःचा तोल राखू शकते, असे २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात काही संशोधकांनी प्रयोगाने दाखवले. आपल्या पुष्कळ पुस्तकांत अजून जुनेच स्पष्टीकरण आहे.

मग कोणती घ्यावी?

कॅनडात व्हिसलर येथे पाळण्यात सायकल अडकवून डोंगरमाथ्यावर जाता येते. तेथे दिवसभर फक्त उतरायचे असेल तर २०० मिलिमीटरची सायकल उत्तम. तिचे वजन सुमारे १७ किलोग्रॅम असते, गिअर मोजके आणि फक्त वेगाने पायडल मारण्यापुरते. चढासाठी ती बनवलेलीच नसते. सह्याद्रीत किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेत मात्र जो उतरणार तोच आधी चढणार, नाहीतर सायकल टेम्पोत घालून वर न्यावी लागणार. ४०० मीटर चढायला ८५ किलोग्रॅमच्या स्वार-सायकलीला सव्वातीन लाखांहून जास्त ज्यूल खर्च करावे लागतात. पायांनी सतत १५० वॉट दिले तरी ३७ मिनिटे. १६०-१७० च्या सायकलीला यासाठी मोठ्या दात्यांचे चक्र असते. ते २०० च्या सायकलीला नसते. उताराची भूमिती दोघींची जवळजवळ सारखी: लांबी तशीच, चिमट्याच्या कलण्यात एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक. म्हणून माझे मत १६०-१७० च्या बाजूने आहे, आणि वाचलेले पैसे मी मोठ्या डिस्क, चांगले टायर आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट यांवर खर्चीन.

आता सायकल-स्टँडवर परत या. आपल्याकडच्या स्वस्त ‘डबल शॉकअप’ सायकलीत बहुधा तेलाची नळी नसते. नुसती स्प्रिंग असते. दुकानात ती तपासणे सोपे आहे. पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलवर सर्व भार देऊन चिमटा दाबा आणि एकदम सोडा. तो टणकन उसळून आवाज करीत वर आला तर आत लगाम नाही. सीटखालच्या स्प्रिंगेची गोष्ट आणखी वाईट. पायडल मारताना दर वेळी ती थोडी दबते. तुमच्या श्रमाचा एक भाग स्प्रिंग दाबण्यात जातो, आणि ती सगळा परत देत नाही. वर दोन-तीन किलो लोखंडाचे ओझे आहेच. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळी माती चाकाला धरली की जाड टायर आणि चिमटा यांमध्ये चिखल कोंबला जातो आणि चाक फिरतच नाही. तेथे कोणतीही स्प्रिंग उपयोगी नाही. रोज पाच-सात किलोमीटर शाळेला जायचे असेल तर सरळ चिमट्याची हलकी सायकल आणि दोन्ही नीट लागणारे ब्रेक हीच निवड मला शहाणपणाची वाटते. घरी असला शॉकअपचा हट्ट धरण्यापूर्वी वरची चाचणी जरूर करून पाहा.

आपल्या सायकलीचा ‘अ’ आणि ‘उ’ मोजण्याचा प्रयोग शाळेत करता येतो. वजन करायचे दोन सारखे काटे घ्या आणि दोन्ही चाकांखाली एकेक ठेवा. एका विद्यार्थ्याने नेहमीसारखे सीटवर बसावे. दोघांनी बाजूला उभे राहून तोल जाणार नाही एवढाच बोटांचा आधार द्यावा. ब्रेक सैल असावेत. मागच्या काट्यावरचे वजन भागिले एकूण वजन, गुणिले दोन आसांमधील अंतर: हा झाला ‘अ’. आता मागचे चाक काट्यासह ३० सेंटिमीटर उंच, पक्क्या ओट्यावर ठेवा. पुढच्या काट्यावरचा भार वाढलेला दिसेल. आसांमधील अंतर १.१० मीटर आणि एकूण वजन ७० किलोग्रॅम असेल तर ही वाढ साधारण साडेतेरा किलोग्रॅमची असावी. ३० सेंटिमीटरला ११० ने भागले की झुकण्याच्या कोनाचा साइन मिळतो, त्यावरून टॅन्जंट ०.२८ येतो. आसांमधील अंतर गुणिले भारातील वाढ, भागिले एकूण वजन आणि टॅन्जंट यांचा गुणाकार: ही गुरुत्वमध्याची चाकांच्या आसापासूनची उंची, येथे ०.७५ मीटर. तिच्यात चाकाची त्रिज्या मिळवा म्हणजे ‘उ’ मिळेल. मग त्याच विद्यार्थ्याला पायडलवर उभे राहून गुडघे वाकवायला आणि कंबर मागे न्यायला सांगा, आणि दोन्ही मापे पुन्हा घ्या. पाठीवर दप्तर असताना आणि दप्तर कॅरिअरला बांधलेले असताना किती फरक पडतो, तेही मोजता येईल.